मिस्ट मेकरला धुकं कमी येत होतं, ते असं सुटलं

गॅलरीतल्या ऑर्किडसाठी धुकं करणारा मिस्ट मेकर बनवायला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून २० एमएमची १.७ मेगाहर्ट्झवाली पिझो डिस्क (विजेवर अतिवेगाने थरथरून पाण्याचं धुकं करणारी चकती) आणि तिला चालवणारा ड्रायव्हर बोर्ड आणला, डब्याच्या बुडाला रबर रिंग लावून बसवली. चालू केलं तर पाण्यावर नुसता फुगवटा, धुकं जेमतेम. मल्टिमीटर लावला तर २४ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लोडवर १७ वर येत होता, म्हणजे करंटच पुरत नव्हता. २ अँपिअरचा एसएमपीएस (जास्त करंट देणारा पॉवर सप्लाय) जोडला, कारंजं उठलं पण अजून मनासारखं नाही, मग पाणी थोडं थोडं काढत गेलो आणि डिस्कच्या वर साधारण ३ सेंटीमीटर उरलं तेव्हा जे दाट धुकं सुटलं ना, डब्याच्या काठावरून खाली ओघळायला लागलं, बघतच राहावं असं! पाणी फार असलं की डिस्कमधून निघणाऱ्या लाटांचा जोर वर पोचेपर्यंत मरतो.

डिस्क कोरडी मात्र चालवू नका, बघता बघता तापून जाते, पाणी कमी झालं की आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच लावाच. टँकरचं किंवा बोअरचं पाणीही नको, त्यातले क्षार धुक्यासोबत उडतात आणि पानांवर पांढरी पूड बसते, आरओचं वापरा. आणि चालू असताना कारंज्यात बोट घालू नका, चांगलाच चटका बसतो.