लिलावात रेप्लिका बंदूक घेताय? या चुका टाळा

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच सुमारास माझ्याकडे ठरावीक फोन यायला लागतात. ‘वकीलसाहेब, एक पार्सल अडकलं. शोपीस आहे फक्त.’ कुणी नाटक मंडळीतला असतो, कुणाला इतिहासाचा नाद असतो, कुणाला नुसतंच दिवाणखान्याच्या भिंतीवर काहीतरी टांगायचं असतं. यातला एकही गुन्हेगार नसतो. पण प्रत्येकाने आधी पैसे भरलेले असतात आणि कायदा नंतर विचारलेला असतो. तेच तेच ऐकून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

‘लायसन्स लागत नाही’ हे वाक्य कुठल्या देशातलं आहे ते न बघणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. अमेरिकेतल्या लिलावात एखाद्या जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरखाली ‘रेप्लिका, लायसन्सची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. तिथल्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक, तसंच आधुनिक काडतूस न वापरणारी तिची प्रतिकृती, ‘फायरआर्म’च्या व्याख्येतच येत नाही. म्हणून इटलीतल्या उबर्ती, पिएट्टा, पेडरसोली या कंपन्या जुन्या नमुन्यांच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या बंदुका बनवतात आणि तिकडचा माणूस त्या सरळ पोस्टाने मागवतो. त्या दिसायला जुन्या असतात आणि उडतातही.

आपला शस्त्र अधिनियम १९५९चा. त्यात बंदुकीची व्याख्या करताना घाट, वय, सजावट यातलं काहीच विचारलेलं नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेने कसलाही मारा करण्यासाठी बनवलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र, बस. तोंडातून दारू ठासायची असली तरी तेच. गडचिरोलीकडे जिला भरमार म्हणतात तिलाही परवाना लागतो, मग इटलीहून पॉलिश होऊन आलेल्या तिच्या बहिणीला का लागणार नाही? बाळगायला कलम ३चा परवाना आणि देशात आणायला कलम १०चा वेगळा. घरात आधीच एका बंदुकीचं लायसन्स आहे म्हणून दुसरी बाहेरून मागवता येत नाही, हेही लोकांना पटत नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. आयटीतली नोकरी, भोसलेकालीन इतिहासाचं वेड, सीताबर्डीच्या १८१७च्या लढाईवर तास तास बोलेल. त्याने अमेरिकन लिलावात कोल्टच्या १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती पाहिली. तिकडचे लिलाव रविवारी संध्याकाळी संपतात, म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. ऑफिसला निघता निघता बोली जिंकली, डबा हातात, कार्डाचा ओटीपी टाकला. इथवरही सावरता आलं असतं. पण मग कुणा मित्राने शहाणपण शिकवलं आणि याने विकणाऱ्याला मेसेज केला : पार्सलवर ‘मेटल डेकोरेशन’ लिहा, किंमत कमी दाखवा.

मुंबईत पार्सल एक्स-रेखाली गेलं. सिलिंडरची सहाही घरं पुढून खोल कोरलेली, मागे दारू पेटवणाऱ्या टोप्या बसवायच्या सहा निपल, आणि बॅरलवर ठसठशीत ‘ब्लॅक पावडर ओन्ली’. सजावटीच्या वस्तूला कुठली दारू वापरायची हे कोण कोरून ठेवेल? सीमाशुल्क अधिनियम १९६२च्या कलम १२४ची कारणे दाखवा नोटीस आली. त्यात आयातीवरच्या बंदीचा मुद्दा होताच, शिवाय खोट्या घोषणेचा, म्हणजे कलम १११(एम)चा मुद्दा त्याने स्वतःच्या हाताने जोडून दिला होता. मी म्हटलं, ‘मेसेज दाखव.’ तो वाचल्यावर बचावातला निम्मा जीव गेला. ‘मला माहीत नव्हतं, मी शोपीसच समजलो’ हे म्हणायची जागा एका ओळीने बंद करून टाकली होती. माहीत नव्हतं, तर लपवलं कशाला?

माल जप्त झाला, वर दंड. वस्तू प्रतिबंधित असेल तर दंड भरून सोडवायची मुभा द्यायची की नाही हे कलम १२५प्रमाणे अधिकाऱ्याच्या हातात असतं, इथे ती मिळाली नाही. पोलीस चौकशीला घरी आले. वडील निवृत्त शिक्षक, गल्लीत मान असलेला माणूस. ते मला एवढंच म्हणाले, ‘साहेब, हा घरात काडतूस काय, टिकलीसुद्धा आणत नाही हो.’ खरं होतं ते. पण कायद्याला काडतूस लागत नाही. विनापरवाना बंदूक नुसती बाळगली तरी २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. त्या मुलाचं नशीब की वस्तू त्याच्या हातात पोहोचलीच नव्हती.

माझी सवय सांगतो, तिला पद्धत वगैरे म्हणू नका. कुणी लॉट, म्हणजे लिलावातली वस्तू, दाखवला की मी वर्णन वाचतच नाही. विकणाऱ्याकडून फोटो मागवायला लावतो : टॉर्च मारून बॅरलच्या तोंडातून आतला, सिलिंडर पुढून, हॅमरची जागा जवळून, आणि धातूवरचे सगळे शिक्के. इटलीत गार्डोने व्हाल ट्रोम्पियाला बंदुका तपासून शिक्का मारायची सरकारी व्यवस्था आहे. तो शिक्का दिसला की ती खरी बंदूक, तिथेच विषय संपला. स्पेनची डेनिक्स कंपनी झिंकच्या मिश्रधातूत ओतलेल्या, न उडणाऱ्या प्रतिकृती बनवते, तो प्रकार निराळा. फोटो द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल तर बोली सोडा. ‘पण सर, लिलाव आज संपतो ना!’ संपू द्या.

बंद पडलेली बंदूक म्हणजे निरुपद्रवी, असं समजणं

दुसरा आवडता घोळ. हा परदेशी लिलावात होतो तसा इथल्या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींतही होतो. ‘आजोबांची ठासणीची, घोडा तुटलेला, शोसाठी उत्तम.’ घेणारा शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ कुठेतरी अर्धवट वाचून आलेला असतो. ते कलम खरंच सूट देतं : जुन्या घाटाची, पुरातन मोलाची किंवा नादुरुस्त शस्त्रं त्यात येतात. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध लोक खातात. दुरुस्त करून किंवा न करता, कशीही, ती बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. घोडा तुटलाय म्हणता? इतवारीतला हुशार मेकॅनिक दुपारपर्यंत नवा बसवून देईल. मग सूट कुठे राहिली?

नळी आतून बुजवून वेल्ड केलेली, मागचा भाग कायमचा निकामी केलेला, अशी वस्तू आणि नुसती फायरिंग पिन काढून ठेवलेली वस्तू यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जप्ती झालीच तर हा फरक तुम्ही किंवा मी ठरवत नाही. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतला बॅलिस्टिक तज्ज्ञ ठरवतो. त्याचा अहवाल येईपर्यंत गुन्हा तुमच्या नावावर असतो आणि जामिनासाठी धावाधाव सुरू असते.

ब्रिटनच्या लिलावात लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचं, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचं, निकामी केल्याचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. कागद चांगला आहे, जपून ठेवा, तज्ज्ञापुढे उपयोगी पडेल. पण तो इथला परवाना नव्हे.

अशा वस्तूच्या बाबतीत मी अशीलाला एकच करायला लावतो. विकत घेण्याआधी फोटो आणि मापं जोडून लेखी विचारणा करायची. शहरात परवाना देणारे पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जाची पोच घ्यायची. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तरुण मंडळी हे करत नाहीत. ‘ओळखीतल्या हवालदाराला विचारलं, तो म्हणाला चालते’ याला मी विचारणा समजत नाही. त्या हवालदाराची उद्या बदली होईल. आणि वस्तू आधीच घरात असेल तर गंज काढणं, घोडा हलवून बघणं, तेल घालणं, सगळं बंद. चालू करायचा प्रयत्न केल्याच्या खुणा तज्ज्ञाला दिसतात.

शंभर वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक कायदा आडवा येतो, पुरावशेषांचा १९७२चा. तो मुख्यतः उलट्या दिशेने चावतो. वाड्यातली तोड्याची बंदूक परदेशी लिलावात टाकायची कल्पना ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी ती काढून टाकावी. पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार खासगी माणसाला नाहीच.

भोक पाडणं

यावर चर्चा नको. न उडणारी प्रतिकृती घेऊन नळीत ड्रिल चालवणारे महाभाग आहेत, ‘खरी वाटावी’ म्हणून. शस्त्र अधिनियमाचं कलम ६ नकली बंदुकीचं अस्सल बंदुकीत रूपांतर करण्याबद्दलच आहे आणि त्यात नकली बंदूक म्हणजे बंदुकीसारखी दिसणारी कुठलीही वस्तू. विनापरवाना असं केलं तर २०१९पासून शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. असा फोन आला की मी पहिलं वाक्य ऐकून म्हणतो, ‘ड्रिलला हात लावू नको अन् आधी इकडे ये बापा.’

एअरगन आणि एअरसॉफ्ट एकाच पिशवीत टाकणं

परवान्याशिवाय चालणाऱ्या एअरगनची मर्यादा ठरलेली आहे : नळीचा व्यास ४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअरपर्यंत, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. .२२ची घेऊन ‘पण पॉवर कमी आहे’ म्हणू नका. एअरसॉफ्टची गोळी प्लास्टिकची असली तरी ६ मिमीची असते, हे बोली लावण्याआधी पट्टीवर बघून घ्या. आणि मर्यादेत बसणारी एअरगनसुद्धा परदेशातून मागवायच्या फंदात का पडायचं? देशात बनते, दुकानात मिळते, बिलासकट.

आणखी काही, थोडक्यात

‘बंदूक नाही, फक्त टोप्या मागवल्या.’ पर्कशन कॅप म्हणजे स्फोटक. स्फोटकांच्या परवान्यांचा देशभरचा कारभार पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि नागपूरकरच टपालाने टोप्या मागवतात!

खेळणं म्हणून मागवलं तरी सुटका नाही. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेलं पार्सल त्या मुद्द्यावरही अडतं.

अमेरिकन खेळण्याच्या टोकाचा केशरी रंग काळा करू नका. तो समोरच्या पोलिसाला लांबून कळावं म्हणून असतो.

भावाच्या, मामाच्या, ऑफिसच्या नावावर मागवणं. केवायसी ज्याची, आयातदार तो. मामाला कशाला अडकवता?

प्रतिकृती घेऊन फुटाळा तलावावर रील काढणं. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चे मनाई आदेश वेळोवेळी लागू होत असतात. शिवाय ज्याच्यावर तुम्ही ‘गंमत म्हणून’ रोखता त्याला ती खरी की खोटी हे कळत नसतं. तलवारीने केक कापणाऱ्यांनाही हेच सांगून थकलो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार-खंजीर शस्त्र नियमांच्या यादीत येते, ऑनलाइन मिळाली म्हणून ती भाजी कापायची सुरी होत नाही.

विमानात हातातल्या बॅगेत प्रतिकृती नेणं. सोनेगाव विमानतळावर सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि वाद घातलात तर विमानही जातं.

नाटकवाल्यांना वेगळं सांगतो, कारण त्यांची गरज खरी असते. खलनायकाच्या हातात काहीतरी दिसायला हवं, मान्य. पण वडसा-देसाईगंजच्या रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला झिंक आणि फायबर यातला फरक दिसत नाही. नागपूरच्या चितार ओळीतल्या एखाद्या कारागिराला फोटो दाखवा, लाकडात किंवा फायबरमध्ये बनवून देईल. आवाज साउंडवाला देतो. ब्लँक फायर करणारं पिस्तूल बाहेरून मागवायचा विचारही नको. स्फोटकावर चालणाऱ्या वस्तूला नाटकाची ‘प्रॉपर्टी’ म्हटलं म्हणून कायदा तिला लाकडी पिस्तुलाच्या रांगेत बसवत नाही.

नोटीस आल्यावरची चूक

पार्सल अडकल्यावर बँकेतून पैसे परत मिळवायचे आणि पार्सलवर पाणी सोडायचं, म्हणजे प्रकरण मिटलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पैसे परत येतीलही, पण नोटीस तुमच्या नावावरच राहते. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी आदेश निघतो. विकणाऱ्याशी झालेलं चॅट डिलीट करू नका. त्याच्याकडची प्रत तर राहतेच, आणि पुसल्याचं दिसलं की उरलेला विश्वासही जातो. वकिलाकडे जाताना लॉटचं पान छापून, पैसे भरल्याची पावती, सगळे मेसेज आणि नोटीस आली तो लिफाफा घेऊन जा. लिफाफा फेकू नका. उत्तराची मुदत मोजताना त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते.