ज्यू विचारात तर्कवादी कोण आणि गूढवादी कोण, हे ओळखायचं कसं

पहिली गोष्ट म्हणजे माणसावर लगेच शिक्का मारू नका. ज्यूंची एखादी साधी रीत घ्या आणि ती पाळली की नेमकं कुठे काय बदलतं असं लिहिणाऱ्याला वाटतं ते शोधा, अर्धं काम तिथेच होतं.

मेझुझाच घ्या ना. दाराच्या चौकटीला लावलेली बोटभर डबी, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोरातली (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली) वचनं. अलिबागकडे किंवा मुंबईत कुणा बेने इस्रायली घरी गेला असाल तर पाहिली असेल, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावतात. आता मायमोनिडीस (मोठा ज्यू तत्त्वज्ञ, जन्म स्पेनमधल्या कोर्डोबाचा, वारला इजिप्तमध्ये १२०४ साली) काय म्हणतो, तर दारातून जाताना मेझुझा दिसली की देव एकच आहे हे आठवतं आणि माणूस फालतू गोष्टींच्या झोपेतून जागा होतो. म्हणजे बदल कुठे झाला, तर माणसाच्या डोक्यात. आणि आत देवदूतांची नावं लिहून तिचा ताईत करणाऱ्यांवर तर तो असा भडकलाय की त्यांना परलोकात वाटाच नाही म्हणतो! हा तर्कवाद.

झोहर (तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये पुढे आलेला ग्रंथ, बहुतेक अरामी भाषेत) वाचला की चित्र पालटतं. तिथे देवाचं मूळ रूप एन सोफ म्हणजे अनंत, त्याच्यातून दहा सफिरोत म्हणजे देवाच्या शक्ती निघतात आणि खाली माणसाने आज्ञा पाळली की वर त्या सफिरोतमध्ये हालचाल होते, कृपेचा ओघ मोकळा होतो वगैरे. बदल विश्वात, नुसता मनात नाही. हा गूढवाद, कबाला म्हणतात तो.

आता गल्लत कुठे होते बघा. मेझुझा घर राखते ही समजूत ताल्मुड या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातही आहे, म्हणून राखण शब्द दिसला की कबाला असं धरू नका. मायमोनिडीस म्हणतो देव काय नाही एवढंच सांगता येतं, आपल्याला लगेच नेति नेति आठवतं आणि वाटतं की हा तर गूढवादीच, पण तो तिथे पोचलाय ॲरिस्टॉटलच्या वाटेने, तर्क करत करत.

आणि खरी गंमत अबुलाफियाची. तेराव्या शतकातला हा माणूस अक्षरं उलटसुलट जुळवून, श्वास सांभाळून समाधी लावायला शिकवायचा आणि त्याचा आवडता ग्रंथ कोणता, तर मायमोनिडीसचाच 'संभ्रमितांचा मार्गदर्शक', त्यावर त्याने भाष्यं लिहिलीत. योसेफ कारोचंही तेच, शुल्हान आरुख हा काटेकोर नियमांचा ग्रंथ लिहिणारा हाच, आणि रात्री त्याच्या तोंडून एक दैवी वाणी बोलायची ती वहीत टिपून ठेवणाराही हाच. म्हणून म्हटलं, शिक्का माणसावर नको, त्या त्या पानावर मारा.