इंदूरहून नाशिकच्या छोट्या वायनरीत जाताना

फेब्रुवारीत निघा. आग्रा-मुंबई रस्ता सेंधवा, धुळे करत थेट नाशकात नेतो. मुक्काम करा, सकाळी द्राक्षांची तोडणी बघायला मिळते. युरोपात ती सप्टेंबरच्या सुमाराला, इथे जानेवारी ते मार्च. वेलाची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि पावसाळा सरल्यावर. फळ धरतात दुसरीवर.

वाटेत लौंग शेवेची पुडी फोडू नका. मी फोडली, आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनचा पहिला घोट नुसता लवंगेचा लागला! मालकांनी हसून कोरडा पाव पुढे केला.

ग्लास दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर रंग बघा, फिरवा, हुंगा, मग घोट जिभेवर घोळवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. गाडी चालवणाऱ्यानं तर थुंकायचंच.

खायची द्राक्षं इथे जुनीच. सुला या मोठ्या वायनरीची पहिली वाइन २००० सालची, राज्याचं वाइन धोरण २००१ चं. छोट्यांची गर्दी त्यानंतरची. छोट्या ठिकाणी टाक्या मालकच दाखवतो. त्याला आधी छाटणीचं विचारा, किमतीचं मागाहून.

बाटली आणायची तर परवान्याची चौकशी आधी करा. आणि डिकीत नको. निमाडचा उष्ण पट्टा लागला की डिकी तापते. सीटखाली, ओल्या पंच्यात गुंडाळून.