रेदाँच्या वळणाची फुलदाणी, सॉफ्ट पेस्टलमध्ये

ओदिलाँ रेदाँ (१८४०–१९१६) हा फ्रेंच प्रतीकवादी चित्रकार पन्नाशीपर्यंत मुख्यतः कोळसा आणि शिळाछापात रमलेला. रंगीत फुलं नंतर आली. ती स्वप्नातली वाटतात ती पुसट असल्यामुळे नव्हे, तर त्यांच्याखाली टेबलच नसतं म्हणून. बोटाने सगळं चोळून धुकं करणं ही नकलेतली पहिली चूक.

साहित्य: करडा किंवा मातकट रंगाचा, १६० जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे कागदाचं वजन) पेस्टल कागद, साधारण ए-३, विलो चारकोल (रेखाटनाचा कोळसा), खोडरबराचा मऊ गोळा, सॉफ्ट पेस्टलच्या, म्हणजे भुसभुशीत कोरड्या रंगाच्या, २०–२५ कांड्या. ऑइल पेस्टल चालणार नाहीत, त्यांची भुकटी होत नाही.

१. कोळशाने फुलदाणी आणि गुच्छाचा घेर हलका आखा. फुलदाणी मध्यापासून किंचित खाली. टेबलाची कडा नको, पडलेली सावलीही नको.

२. कांडी आडवी धरून दोन-तीन रंग, समजा फिकट निळा, जांभळट आणि गेरू, पार्श्वभूमीवर ठिकठिकाणी फिरवा. मधूनमधून कागद उघडा राहू द्या.

३. आता फुलं, गडदाकडून फिक्याकडे. खसखशीच्या एका फुलासाठी आधी किरमिजी ठिपका, त्यावर शेंदरी, आणि पाकळीच्या एकाच कडेला कांडी दाबून शुद्ध तांबडी रेघ. ती चोळायची नाही. अशी ठाशीव फुलं तीन-चारच. बाकीची नुसते डाग. सगळीच कोरलीत तर वनस्पतिशास्त्राचा तक्ता होतो.

४. एक-दोन डाग देठाविना, गुच्छापासून सुटे ठेवा.

चार थरांनंतर कागदाचा खरखरीतपणा भरतो आणि रंग घसरायला लागतो. तांबड्यावर हिरवा घासला की चिखल ठरलेला. तिथे रंग चढवत बसू नका. ताठ ब्रशने भुकटी झाडा आणि पुन्हा लावा. फिक्सेटिव्हने (भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने) फिके रंग काळवंडतात, म्हणून ते मधल्या थरांवर पातळ मारा. शेवटच्या उजळ रेघा त्यानंतर. भुकटी फुंकू नका, नाकात जाते. फ्रेमला काचच हवी, माउंटने (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने) चित्रापासून दूर ठेवलेली. साधी अ‍ॅक्रिलिक शीट स्थिर विजेने रंग ओढून घेते.

गुच्छ जमला का, हे कागद आडवा करून बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं रेदाँचं फुलांमधल्या ऑफेलियाचं (शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधली नायिका) पेस्टल आधी उभ्या फुलदाणीचंच चित्र होतं. कागद आडवा झाला आणि तिथे तिचा चेहरा आला.