सांदण दरीत ग्रुप उतरवताना या चुका टाळा

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाहून सांदण दरीत शिरल्यावर पहिल्या रॅपलपर्यंत (दोराने कडा उतरायच्या टप्प्यापर्यंत) मागे फिरता येतं. तो साधारण ४५ फुटांचा टप्पा उतरून दोर ओढून घेतला की आल्या वाटेने परत जाणं संपलं. मग करोली घाटाने वर चढा, नाहीतर खाली डेहणे गावाकडे बाहेर पडा. कोणाचा पाय दुखावला असेल, कोणी घाबरलं असेल, तर निर्णय दोर ओढायच्या आधी.

सगळ्यात जास्त गणित चुकतं ते वेळेचं. नवख्या माणसाला दोरात अडकवून, उतरवून, मोकळं करायला पाच मिनिटं सहज जातात. वीस जण म्हणजे एका दोरावर पावणेदोन तास, आणि पुढे छोटे टप्पे आहेतच. सकाळी सातलाच निघा. एक उतरत असताना पुढच्या दोघांचे हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि हेल्मेट तपासून तयार ठेवा. उतरलेल्यांनी दोराखाली गप्पा मारत थांबू नये. वरून दगड सुटतात.

डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोराचा वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनात, मोकळे केस, ओढणी, सैल टी-शर्ट अडकतो आणि माणूस मध्येच लटकतो. घाईने चाकू काढू नका, ताणलेला दोर निमिषात कापला जातो. डिसेंडरच्या वर दोराला प्रुसिक (भार पडला की दोर घट्ट पकडणारी बारीक दोरीची गाठ) बांधा, त्याला पायासाठी फास जोडा. त्यावर उभं राहिलं की डिसेंडरवरचा भार जातो आणि अडकलेलं ओढून काढता येतं. म्हणून प्रत्येकाच्या हार्नेसला प्रुसिकची दोरी हवीच.

दुहेरी दोर ओढताना अडकला, तर अनेकदा टोकाची सुरक्षा-गाठ सोडायची राहिलेली असते. शेवटचा माणूस वर असतानाच खालून दोर हातभर ओढून पाहा.

पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत सुरुवातीच्या डोहांत पाणी कमरेच्या वर असू शकतं. बूट काढून उतरणं हा हमखास मुरगळण्याचा मार्ग. बूट भिजू द्या, कोरडे मोजे आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, सॅक डोक्यावर. पुढच्या मोठ्या दगडांवर सॅक घेऊन उड्या मारू नका. बसून घसरत उतरणं दिसतं बावळट, पण घोटे शाबूत राहतात.

पावसाळ्यात ही दरी वर्ज्यच. अवकाळीचे ढग दिसले तरी आत शिरू नका. आत असताना पाणी अचानक गढूळ झालं किंवा आवाज वाढला, तर पुढे पळू नका. हाताशी असलेल्या सगळ्यात उंच, पक्क्या कातळावर चढा आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा.