'तो की ती' एवढंच विचारू नका: मित्राचं सर्वनाम ठरवताना या चुका टाळा

पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात, ट्रेकच्या ग्रुपमध्ये आता नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारी, मित्रमंडळी मोकळेपणाने वावरतात. त्यांच्याशी बोलताना मात्र लोक त्याच त्या चुका करतात आणि त्या ऐकून मला वीट आलाय.

पहिली चूक म्हणजे 'तो म्हणू की ती?' एवढं विचारून मोकळं होणं. मराठीत लिंग क्रियापदाला चिकटलेलं असतं. समोरासमोर 'तू' सगळ्यांना सारखंच, पण लगेच 'आलास' की 'आलीस' इथे गाडी अडते. वर 'काय रे', 'काय गं', 'अरे', 'अगं' आहेतच. म्हणून मी अख्खं वाक्य विचारते. समजा नाव किरण, तर 'किरण आला, आली की आले? अरे चालेल की अगं?' उत्तर मिळेपर्यंत 'ए किरण' म्हणते. 'किरण येईल', 'किरणने पोहे खाल्ले', 'किरणला चहा हवाय' या वाक्यांत लिंग कुठेच डोकावत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरती सोय होते. पण विचारायचा कंटाळा म्हणून वर्षभर अशीच वाक्यं जुळवत बसणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. समोरच्याला ती टाळाटाळ कळते. जवळच्या मित्राला अचानक 'अहो, तुम्ही' सुरू करणंही तसलंच.

'मी जातो' की 'मी जाते' हे कान देऊन ऐका, पण त्यावरून परस्पर ठरवू नका. लहानपणापासून जिभेवर बसलेलं रूप मनातलं असेलच असं नाही.

'ते आलं' असं नपुंसकलिंगी बोलणं तर कृपा करून थांबवा. तान्ह्या बाळाला ते शोभतं, मोठ्या माणसाला लावलं की हेटाळणी होते. तृतीयपंथीयांना सिग्नलवर हे हिणवण्यासाठीच ऐकवलं जातं. कुणी स्वतः ते रूप निवडलं असेल तर जरूर वापरा. आदरार्थी 'ते आले' वेगळं. 'त्यांना', 'त्यांनी' ही रूपं तर 'ते' आणि 'त्या' दोघांना सारखीच. तरी 'आले' काहींच्या कानाला पुरुषीच लागतं, त्यामुळे तेही विचारूनच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सर्वनाम कळलं, पण ते कुठे वापरायचं हे विचारलंच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राला आम्ही 'आला, गेला' म्हणतो, कारण त्याला तेच हवंय. त्याच्या कोथरूडच्या घरी मात्र अजून मुलगीच म्हणतात. ग्रुपमध्ये नुकताच आलेला एक मुलगा सिनेमाला जाताना त्याला घ्यायला वर गेला. दार आईने उघडलं. हा उत्साहाने म्हणाला, "काकू, झाला का तयार?" काकूंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "कोण झाला?" त्यांनी विचारलं. सिनेमा राहिलाच. त्या रात्री घरात जी उलटतपासणी झाली तिची तयारी आमच्या मित्राची अजून व्हायची होती. घरी कधी सांगायचं हे ठरवणं त्याचं काम होतं, ते दुसऱ्यानेच दारात उरकून टाकलं. मनात खोट नव्हती, घाई होती. मी आता नेहमी विचारते: घरी काय म्हणू? ऑफिसात? व्हॉट्सअ‍ॅपवर?

'आधारवर काय लिहिलंय?' हा प्रश्न नकोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा हक्क मान्य केला. मैत्रीत कागद कशाला मागता?

ऑपरेशनबद्दल विचारू नका.

चुकून 'आली' गेलं तोंडातून, तर 'आला' म्हणा आणि बोलणं पुढे न्या. दहा वेळा सॉरी म्हटलंत की तुमचीच समजूत काढायची वेळ त्या माणसावर येते. जीभ वळवायची असेल तर तो मित्र समोर नसतानाच्या गप्पांत वळवा, अर्थात जिथे ते रूप चालतं तिथे.