परदेशी लॅबबरोबर काम करायचंय? स्कीम निवडताना आधी हे बघा

पीएचडीला नवीन लागलेली पोरं विचारतात, सर, परदेशी कोलॅबोरेशनसाठी कुठली ग्रँट चांगली? मी म्हणतो, आधी ती ग्रँट नेमके कशाचे पैसे देते ते बघा. मी सुरुवातीला नुसती रक्कम बघायचो, तिथंच चुकलो.

आता डीएसटी (आपला विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) आणि डाड (जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) यांची भारत-जर्मनी योजना घ्या, ती जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च देते, केमिकल, किट, प्रोजेक्टवरचा माणूस यातलं काही त्यात बसत नाही. इथं काम आधीच चालू असेल तर ती सोन्यासारखी, नसेल तर तिकडं जाऊन करणार काय? सेफिप्राचं वेगळं, 1987 पासूनचं भारत-फ्रान्स केंद्र आहे, तिथं प्रत्यक्ष संशोधनाला पैसे मिळतात. आयजीएसटीसी म्हणजे भारत-जर्मनी विज्ञान-तंत्रज्ञान केंद्र, त्यांच्या 2+2 योजनेला मात्र दोन्ही देशांतून संस्थेबरोबर एकेक कंपनीही लागते, सोलापुरात बसून कंपनी जुळवायला वेळ जातो, तो आधीच धरून चला.

दुसरं म्हणजे अशा योजनांत बहुतेक वेळा दोघांनी आपापल्या देशात अर्ज भरायचा असतो. आमचा पहिला अर्ज याच्यातच गेला, आम्ही वेळेत भरला, पण पार्टनरनं त्यांच्याकडं भरलाच नाही, आणि एकाच बाजूचा अर्ज धरत नाहीत. तीन महिन्यांची मेहनत पहिल्याच छाननीत बाद, फार वाईट वाटलं होतं. आता पार्टनरची पोच बघितल्याशिवाय मी सबमिट दाबत नाही.

आणि सॅम्पलचं कुणीच सांगत नाही. मी डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करतो, सांगोल्याच्या बागेतली पानं फ्रिजमध्ये आहेत, प्रत्येकावर तेलाचा थेंब पडून पसरल्यासारखे काळपट डाग. पार्टनर म्हणाले कुरियर करा. तसं करता येत नाही, 2002 च्या जैवविविधता कायद्यानं परदेशात पाठवायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, पण केंद्र सरकारनं मान्य केलेल्या सहकार्य प्रकल्पांना त्यात सूट मिळायची तरतूद आहे. म्हणून पैसे कमी असले तरी सरकारी योजना मला जास्त मोलाची वाटते, तुमचं काम नुसत्या डेटावर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

शेवटी आपल्याच ऑफिसात जाऊन बसा. युटिलायझेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे ग्रँटचे पैसे ठरल्याप्रमाणे वापरले याच्या दाखल्याचा, 12-ए फॉर्म अकाउंट्समध्ये कुणी भरलाय का, ते विचारा. संस्थाप्रमुखांचं एंडॉर्समेंट लेटर पण आधीच सही करून घ्या, मुदत जानेवारीतली असेल तर आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीच्या आधी.